जळगावला ईएसएक्सआय, धुळ्याला प्रॉक्समॉक्स: डीआरसाठी व्हीएमची रेप्लिका कशी ठेवायची?

एमआयडीसी_सर्व्हररूम (जळगाव)

नमस्कार मंडळी. डाळ मिल आणि गोदामांचं काम आहे. जळगाव बंद पडलं तर धुळ्याहून काम चालवायचं आहे (डीआर, म्हणजे डिझास्टर रिकव्हरी). जळगाव एमआयडीसीत ईएसएक्सआय ७ चे (व्हीएमवेअरचा हायपरव्हायझर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) दोन होस्ट, ते सांभाळणारं व्हीसेंटर आणि सामाईक स्टोरेज. लायसन्स जुनं, कायमस्वरूपी. धुळ्याच्या गोदामात एक सर्व्हर मोकळा आहे: १२ कोर, १२८ जीबी रॅम, एसएसडीचा झेडएफएस (एक फाइल सिस्टिम) मिरर, त्यावर प्रॉक्समॉक्स ८ हा वेगळा हायपरव्हायझर. तिथेही व्हीएमवेअर घ्यायचं तर आता सबस्क्रिप्शनच, आणि वर्षातून एखाद्या वेळी लागणाऱ्या सर्व्हरसाठी शेठ तेवढे पैसे सोडणार नाहीत. दोन्ही ठिकाणांमध्ये ५० एमबीपीएसची लीज्ड लाइन आहे.

व्हीएम चार. एसक्यूएल सर्व्हर २०१९ स्टँडर्ड (बिलिंग, गेटपास, वजनकाटा), ६०० जीबी. टॅली आणि फाइल शेअर मिळून ८०० जीबी. बारकोडचं वेब ॲप अल्मालिनक्स ९ वर, १२० जीबी. डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) ८० जीबी. प्रत्यक्ष वापरातली जागा एकूण १.६ टीबी. बॅकअप सॉफ्टवेअरच्या अहवालात रोजचा बदललेला डेटा सरासरी ४५ जीबी दिसतो.

बिलिंगचा १५ मिनिटांपेक्षा जास्त डेटा जायला नको. बाकीचं चार तासांत उभं राहिलं तरी चालेल. व्हीएमवेअरचं स्वतःचं रेप्लिकेशन दुसऱ्या बाजूलाही ईएसएक्सआयच मागतं. प्रॉक्समॉक्सचं रेप्लिकेशन त्यांच्याच क्लस्टरमध्ये, झेडएफएस ते झेडएफएस चालतं. मग मधला पूल कोणता? हाताने एकदा व्हीएमडीके (व्हीएमवेअरची डिस्क फाइल) कॉपी करून पाहिली, तर धुळ्याला विंडोज निळ्या स्क्रीनवर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून थांबलं.

---

भुसावळ_जंक्शन

काय भो, एवढी डोकेफोड कशाला? जळगावलाही प्रॉक्समॉक्स टाका, विषय संपला. नाहीतर दोन्हीकडे विंडोज सर्व्हर आणि हायपर-व्ही रेप्लिका: ३० सेकंद, ५ मिनिटं किंवा १५ मिनिटं, हवं ते अंतर निवडा.

---

पांझराकाठ (धुळे)

भुसावळवाल्या दादांचं चूक नाही, पण तो स्थलांतराचा विषय आहे आणि तो सीझन चालू असताना होत नाही. तरी वर्षभरात तिकडे जावं लागेलच. व्हीस्फिअर ७ चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. तोवर डीआर उघडं ठेवता येत नाही, म्हणून आजच्या सेटअपवरच बोलतो.

एक गोष्ट आधी डोक्यातून काढा. दोन वेगळ्या हायपरव्हायझरमध्ये मशीनची रेप्लिका होत नसते, फक्त डिस्कवरच्या ब्लॉकची होते. मशीन म्हणजे डिस्क कंट्रोलर, नेटवर्क कार्ड, बायॉस की यूईएफआय, घड्याळ, मॅक ॲड्रेस. हे बठ्ठं धुळ्याला वेगळं मांडून ठेवावं लागतं. तुमची निळी स्क्रीन त्यातूनच आली आहे. डेटा नीट पोचला, पण विंडोजला ज्या कंट्रोलरवरून उठायची सवय आहे तो कंट्रोलर तिथे नव्हता.

पूल तीन प्रकारचे.

पहिला, हायपरव्हायझरच्या पातळीवरचा. बॅकअप सॉफ्टवेअर ईएसएक्सआयच्या चेंज्ड ब्लॉक ट्रॅकिंगमधून बदललेले ब्लॉक उचलतं, धुळ्याच्या रिपॉझिटरीत पोचवतं आणि तिथून प्रॉक्समॉक्सवर रिस्टोअर करतं. व्हीम (Veeam) या बॅकअप सॉफ्टवेअरला प्रॉक्समॉक्सचा आधार २०२४ च्या १२.२ आवृत्तीपासून आहे, आणि व्हीएमवेअरचा बॅकअप थेट प्रॉक्समॉक्सवर उतरवता येतो. पण त्याच सॉफ्टवेअरमधला नेहमीचा 'रेप्लिकेशन जॉब' व्हीएमवेअर ते व्हीएमवेअर किंवा हायपर-व्ही ते हायपर-व्ही असाच चालतो. प्लॅटफॉर्म ओलांडायचा तर बॅकअप, बॅकअप कॉपी आणि रिस्टोअर हाच रस्ता. जाहिरातीत 'रेप्लिकेशन' हा शब्द फार ऐसपैस वापरतात. विकत घेण्याआधी 'कुठून कुठे' हे लेखी विचारा.

दुसरा, व्हीएमच्या आत एजंट बसवून. एजंटला खालचा हायपरव्हायझर कोणता याचं घेणंदेणं नसतं, सेकंदांचा आरपीओ (जास्तीत जास्त किती वेळचा डेटा जाऊ शकतो ती मर्यादा) मिळतो. पण पैसे लागतात, आणि प्रत्येक कर्नल अपडेटनंतर एजंट जिवंत आहे ना ते पाहावं लागतं.

तिसरा, ॲप्लिकेशनचा स्वतःचा. एसक्यूएलसाठी लॉग शिपिंग (डेटाबेसच्या लॉगचे बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर नेऊन तिथे चढवत राहणं), ॲक्टिव्ह डिरेक्टरीसाठी दुसरा डोमेन कंट्रोलर. इथे हायपरव्हायझरचा प्रश्नच येत नाही.

तुमच्यासाठी मी सरमिसळ करीन. एसक्यूएल तिसऱ्या रस्त्याने, डोमेन कंट्रोलर तिसऱ्याच रस्त्याने, टॅली-फाइल आणि लिनक्स पहिल्याने. चारही व्हीएमला एकच औषध लावायला गेलात तर १५ मिनिटांचा आरपीओ सगळ्यांनाच द्यावा लागेल. ईएसएक्सआयवर दर १५ मिनिटांनी मोठ्या व्हीएमचा स्नॅपशॉट घेणं आणि मिटवणं म्हणजे मिटवताना दर वेळी व्हीएम क्षणभर थबकणार. वजनकाट्यावर ट्रॅक्टरची रांग असताना ऑपरेटरला ते लगेच जाणवतं.

आता लाइनचा हिशेब. ५० एमबीपीएसमधले ३५ हाती येतात असं धरा. पहिली १.६ टीबीची कॉपी लाइनवरून पाठवली तर सव्वाचार दिवस, आणि तेवढे दिवस बाकी काम बंद. म्हणून पहिली कॉपी यूएसबी डिस्कवर. १२० एमबी प्रति सेकंदाने भरायला पावणेचार तास, धुळ्याला उतरवायला तेवढेच, मधला नव्वदेक किलोमीटरचा हायवे धरून एका दिवसात काम होतं. डिस्क एन्क्रिप्ट केल्याशिवाय गाडीत ठेवू नका. नंतर रोजचे ४५ जीबी म्हणजे पावणेतीन-तीन तास, रात्रीत आरामात बसतात.

पण सरासरीवर विसंबू नका. एसक्यूएलमध्ये ३०० जीबीचा इंडेक्स रिबिल्ड झाला की तेवढेच ब्लॉक बदलतात, आणि ते याच लाइनवर १९ तास खातात. डीफ्रॅग, अँटीव्हायरसचा पूर्ण स्कॅन लॉग लिहीत असेल तर तो, आणि एसक्यूएलची .बॅक फाइल त्याच व्हीएमच्या डिस्कवर पडत असेल तर तीही, बदल दुप्पट करतात. पेजफाइल आणि एसक्यूएलचा टेम्पडीबी (तात्पुरता डेटाबेस) वेगळ्या व्हर्च्युअल डिस्कवर काढा आणि ती डिस्क जॉबमधून वगळा. मात्र धुळ्याच्या व्हीएमला त्या जागी रिकामी फॉर्मॅट केलेली डिस्क त्याच ड्राइव्ह अक्षरासह आणि फोल्डरसह जोडून ठेवावी लागते. टेम्पडीबीचा फोल्डर सापडला नाही तर एसक्यूएल सुरूच होत नाही.

आणखी एक. ब्लॉक ट्रॅकिंग फिजिकल आरडीएम (व्हीएमला थेट जोडलेलं स्टोरेज) आणि इंडिपेंडंट (स्नॅपशॉटमधून वगळलेल्या) डिस्कवर चालत नाही. अशी डिस्क असेल तर सॉफ्टवेअर ती गुपचूप सोडून देतं आणि जॉब हिरवा दाखवतं. आज जाऊन चारही व्हीएमच्या डिस्कचा प्रकार बघा.

---

अमळनेरची_डीबीए

एसक्यूएलबद्दल पांझराकाठ दादांना दुजोरा, पण लॉग शिपिंगमध्ये लोक हमखास जिथे अडकतात ते सांगते.

डेटाबेसचं रिकव्हरी मॉडेल 'फुल' हवं. बॅकअप, कॉपी आणि रिस्टोअर या तिन्ही जॉबचं मूळ वेळापत्रक १५-१५ मिनिटांचं असतं, म्हणजे तिन्ही एकामागे एक धरले तर मागे राहण्याचा काळ १५ नव्हे, ३० मिनिटांच्या पुढे जाऊ शकतो. तुम्हाला १५ मिनिटं हवी असतील तर तिन्ही ५ मिनिटांवर आणा. लॉग बॅकअपला कॉम्प्रेशन चालू करा, २०१९ स्टँडर्डमध्ये ते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: लॉगची साखळी. व्हीएमचा बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर 'ॲप्लिकेशन अवेअर' मोडमध्ये एसक्यूएलचे लॉग स्वतः छाटत असेल, किंवा कोणी मॅनेजमेंट स्टुडिओतून हाताने लॉग बॅकअप घेतला, तर साखळी तुटते. धुळ्याचा रिस्टोअर जॉब पुढची फाइल नाकारतो आणि अलर्ट कोणी वाचत नसेल तर दोन आठवड्यांनी कळतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये एसक्यूएल व्हीएमसाठी 'कॉपी ओन्ली' निवडा. लॉगचा मालक एकच असला पाहिजे.

डेटाबेस जातो, पण सर्व्हरच्या पातळीवरचं काहीच जात नाही. लॉगिन, एजंट जॉब, लिंक्ड सर्व्हर, मेल प्रोफाइल मागे राहतात. लॉगिन त्यांच्या एसआयडीसकट (अंतर्गत ओळख क्रमांकासकट) स्क्रिप्ट करून धुळ्याला तयार ठेवा, नाहीतर डेटाबेस उघडेल पण यूजर अनाथ राहतील आणि बिलिंग ॲप 'लॉगिन फेल्ड' म्हणेल. नवीन यूजर जोडला की ती स्क्रिप्ट पुन्हा चालवायची. हे कामाच्या यादीत लिहा, लक्षात ठेवू नका.

आणि धुळ्याला एसक्यूएल २०२२ बसवायचा मोह टाळा. २०१९ वरून २०२२ वर रिस्टोअर होतं, पण धुळ्याला एकदा चालू केलेला डेटाबेस परत जळगावच्या २०१९ वर येत नाही. परतीचा रस्ता आपणच बंद केल्यासारखं होतं. दोन्हीकडे एकच आवृत्ती, क्युम्युलेटिव्ह अपडेटही एकच.

ॲपमध्ये सर्व्हरचं नाव आयपीने लिहिलं असेल तर आत्ताच बदलून डीएनएसचं टोपणनाव द्या आणि त्याचा टीटीएल (पत्ता लक्षात ठेवण्याची मुदत) ३०० सेकंद ठेवा. वजनकाट्याच्या पीसीवरची कनेक्शन स्ट्रिंग सगळे विसरतात.

---

एमआयडीसी_सर्व्हररूम (जळगाव)

ताई, दादा, आभारी आहे. एसक्यूएलचं पटलं. पण मग टॅली-फाइलच्या व्हीएमची निळी स्क्रीन? धुळ्याला सॅटा कंट्रोलर लावून उठवलं, व्हर्टआयओ (प्रॉक्समॉक्सचं वेगवान व्हर्च्युअल हार्डवेअर) ड्रायव्हर टाकले, मग व्हर्टआयओवर नेलं आणि छान चाललं. दुसऱ्या दिवशी नवी कॉपी आल्यावर पुन्हा तेच. आणि डोमेन कंट्रोलर सरळ कॉपी का नाही करायचा?

---

पांझराकाठ (धुळे)

बरोबर जागी बोट ठेवलंत. धुळ्याच्या प्रतीत केलेली कोणतीही दुरुस्ती पुढच्या फेरीत पुसली जाते, कारण प्रत रोज मूळ डिस्कवरून नव्याने लिहिली जाते. स्थलांतराचे लेख वाचून डीआर करणाऱ्यांची चूक नेमकी इथेच होते. स्थलांतरात दुरुस्ती एकदाच करायची असते, इथे ती टिकली पाहिजे. म्हणून दुरुस्तीला दोनच जागा: एक तर मूळ जळगावच्या व्हीएममध्ये, नाहीतर धुळ्याच्या व्हीएमच्या कॉन्फिगरेशनमध्ये. डिस्कच्या आत धुळ्याला कधीच नाही.

विंडोजसाठी सोपी युक्ती. प्रॉक्समॉक्समध्ये कंट्रोलर निवडताना 'व्हीएमवेअर पीव्हीस्कझी' असा पर्याय असतो, आणि नेटवर्क कार्डात 'व्हीएमएक्सनेट ३' सुद्धा. प्रॉक्समॉक्सच्या आतलं क्यूईमू हे हार्डवेअर नकली बनवून देतं. जळगावची व्हीएम आत्ता एलएसआय लॉजिक सॅसवर असेल तर रविवारी ती पीव्हीस्कझीवर आणा. आधी पीव्हीस्कझीवर १ जीबीची रिकामी डिस्क जोडा, विंडोजने ड्रायव्हर उचलला हे डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघा, मग बंद करून सी ड्राइव्हची डिस्क त्या कंट्रोलरवर हलवा. धुळ्याच्या कॉन्फिगरेशनमध्येही पीव्हीस्कझीच ठेवा. व्हर्टआयओइतका वेग मिळत नाही, पण डीआरच्या दिवशी वेगापेक्षा उठणं महत्त्वाचं. एलएसआय सॅस तसंच ठेवायचं असेल तर धुळ्याला सॅटा लावा, बहुतेक विंडोज त्यावर उठतं, फक्त मंद चालतं.

व्हर्टआयओचे ड्रायव्हर जळगावला आधीच इन्स्टॉल करून ठेवले तरी का चालत नाही, असा प्रश्न पडेल. ते ड्रायव्हर स्टोअरमध्ये जातात, पण ते हार्डवेअर ईएसएक्सआयवर दिसतच नसल्यामुळे बूटच्या वेळी सुरू होण्याच्या यादीत येत नाहीत. व्हर्ट-व्ही२व्ही नावाचं रेड हॅटचं साधन रजिस्ट्रीत नेमकी हीच नोंद करतं. फेलओव्हरच्या (काम धुळ्याला हलवण्याच्या) वेळी ते स्क्रिप्टने चालवणं शक्य आहे, पण त्यात वेळ जातो आणि बिघडायला आणखी एक जागा वाढते.

व्हीएमवेअर टूल्स काढू नका. एक तर परतताना ती लागणार, दुसरं म्हणजे व्हीएमवेअरबाहेर गेल्यावर तिचा अनइन्स्टॉलर अडून बसतो. तशीच राहिली तर धुळ्याला काही बिघडत नाही.

नेटवर्कचं वेगळं दुखणं. मॅक तोच ठेवला आणि कार्ड व्हीएमएक्सनेट ३ च दिलं, तरी पीसीआय स्लॉट बदलल्यामुळे विंडोजला ते नवं कार्ड वाटतं आणि स्थिर आयपी जुन्या, आता अदृश्य झालेल्या कार्डाला चिकटून राहतो. नव्या कार्डाला हाताने तोच आयपी द्यायला गेलात तर तो दुसऱ्या ॲडॅप्टरला दिलेला असल्याचा इशारा येतो. त्यापेक्षा टॅली-फाइल व्हीएमला जळगावलाच डीएचसीपीवर आणा, मॅकवर आरक्षण करून. धुळ्याच्या डीएचसीपीवर त्याच मॅकचं धुळ्याच्या सबनेटमधलं आरक्षण. व्हीएम जिथे उठेल तिथला आयपी आपोआप घेईल. सर्व्हरला डीएचसीपी म्हटल्यावर नाकं मुरडणारे भेटतील, पण दोन सबनेटच्या डीआरमध्ये याहून सोपं काही नाही.

घड्याळ. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएम बनवताना ओएसचा प्रकार 'लिनक्स' किंवा 'इतर' राहिला तर घड्याळ यूटीसीमध्ये दिलं जातं. विंडोज ते स्थानिक वेळ समजतं आणि बरोबर ५ तास ३० मिनिटं मागे पडतं. डोमेन लॉगिन तपासणाऱ्या कर्बेरॉसची सहनशक्ती ५ मिनिटांची, त्यामुळे लॉगिनच होत नाही आणि लोक तासभर पासवर्ड तपासत बसतात. ओएसचा प्रकार विंडोज निवडा, म्हणजे स्थानिक वेळ आपोआप लागू होते.

बायॉस की यूईएफआय हे जळगावच्या व्हीएममध्ये बघून धुळ्याला तेच. यूईएफआय असेल तर ओव्हीएमएफ (प्रॉक्समॉक्समधलं यूईएफआय) आणि छोटी ईएफआय डिस्क जोडायची. बूटच्या नोंदी व्हीएमच्या एनव्हीरॅममध्ये असतात आणि त्या डिस्कबरोबर येत नाहीत. विंडोज सहसा तरून जातं, लिनक्स अडकू शकतं. बिटलॉकर व्हर्च्युअल टीपीएमला बांधलेला असेल तर धुळ्याला रिकव्हरी की मागणारच. ती की जळगावच्या फाइल शेअरवर ठेवलेली असू नये, एवढंच.

डोमेन कंट्रोलरबद्दल. जुन्या क्षणाची प्रत उठवली की इतर कंट्रोलरच्या दृष्टीने तो भूतकाळात गेलेला असतो. सर्व्हर २०१२ पासून व्हीएम जनरेशन आयडी बदलला की विंडोज सावध होतं, आपली ओळख नवी करतं आणि नव्या खात्यांना द्यायच्या क्रमांकांचा जुना (आरआयडी) साठा टाकून देतं. पण त्यासाठी दोन्ही हायपरव्हायझरनी तो आयडी नीट पुरवायला हवा. एवढ्या जोखमीची गरजच नाही. धुळ्याच्या प्रॉक्समॉक्सवर २ कोर, ४ जीबीची नवी व्हीएम उभी करा, तिला दुसरा डोमेन कंट्रोलर करा, साइट्समध्ये धुळ्याचा सबनेट नोंदवा. ॲक्टिव्ह डिरेक्टरी आपलं रेप्लिकेशन स्वतः करते. तुमच्या चारपैकी एक व्हीएम यादीतूनच गेली.

---

चोपडा_लिनक्स

अल्मालिनक्स ९ वाल्या व्हीएमसाठी तीन गोष्टी, तिन्ही जळगावला मूळ मशीनमध्येच करायच्या.

रेड हॅट कुळातल्या वितरणांत ड्रॅकट हे साधन इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरची छोटी प्रतिमा) फक्त त्या मशीनपुरतं बनवतं. ईएसएक्सआयवर बनलेलं असेल तर त्यात व्हर्टआयओचे मॉड्यूल नसतात, आणि धुळ्याला रूट डिस्क सापडत नाही म्हणून ड्रॅकटच्या आपत्कालीन शेलवर थांबतं. ड्रॅकटच्या कॉन्फिगरेशन फोल्डरात एक छोटी फाइल टाकून व्हर्टआयओ-स्कझी, व्हर्टआयओ-ब्लॉक आणि व्हर्टआयओ-नेट हे ड्रायव्हर कायमचे जोडा आणि इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा. फाइल असल्यामुळे पुढच्या कर्नललाही ते लागू होतं. फक्त कमांडला पर्याय देऊन एकदा बनवलं तर पुढच्या कर्नल अपडेटला जातं. अडकलातच तर ग्रबमधला 'रेस्क्यू' कर्नल निवडा, त्यात सगळे मॉड्यूल असतात. डेबियन, उबुंटूला हा त्रास सहसा होत नाही, त्यांचं इनिटरॅमएफएस मुळातच सढळ असतं.

दुसरं, नेटवर्कचं नाव. ईएसएक्सआयवर ईएनएस१९२ असतं, प्रॉक्समॉक्सवर ईएनएस१८ होतं. नेटवर्क मॅनेजरचं कनेक्शन इंटरफेसच्या नावाला न बांधता मॅकला बांधा. फायरवॉलच्या झोनमध्ये नाव लिहिलेलं असेल तर तेही बघा, नाहीतर व्हीएम उठते, पिंगही होते, पण वेब पान उघडत नाही.

तिसरं, प्रॉक्समॉक्समधला सीपीयूचा प्रकार. ८ पासून मूळ निवड एक्स८६-६४-व्ही२-एईएस आहे, ती चालते. पण जुन्या टेम्प्लेटमधून व्हीएम बनवली आणि त्यात केव्हीएम६४ राहिला तर रेड हॅट ९ कुळ उठतच नाही. ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) म्हणते हा सीपीयू व्ही२ नाही, आणि कर्नल पॅनिक.

एफएसटॅबमध्ये (डिस्क जोडण्याच्या यादीत) डिस्कच्या नावांऐवजी यूयूआयडी आहेत ना तेही बघून घ्या. व्हर्टआयओ-ब्लॉक वापरलं की एसडीएची व्हीडीए होते.

---

एमआयडीसी_सर्व्हररूम (जळगाव)

सगळं लिहून घेतलं. दोन शंका. टॅलीचा डेटा चालू असताना घेतलेली प्रत भरवशाची असते का? आणि जळगाव परत उभं राहिल्यावर उलटं कसं यायचं? प्रॉक्समॉक्सकडून ईएसएक्सआयकडे जाण्याबद्दल फारसं कोणी लिहीतच नाही.

---

पांझराकाठ (धुळे)

लिहीत नाहीत, कारण ते कंटाळवाणं आणि वेळखाऊ आहे.

टॅली आधी. तिचा डेटा फाइलींत असतो. स्नॅपशॉटच्या आधी विंडोजची व्हीएसएस ही स्नॅपशॉट सेवा फाइल सिस्टिम शांत करते, पण टॅलीच्या अर्धवट व्हाउचरला त्याची खबर नसते. म्हणून दुपारी दीड वाजता जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री साडेआठला, म्हणजे लोक बाहेर असताना स्नॅपशॉट घ्या आणि टॅलीचा स्वतःचा बॅकअप वेगळ्या फोल्डरात त्याआधी १५ मिनिटं पडू द्या. प्रत उघडताना तक्रार आली तर तो बॅकअप हाताशी असतो. लायसन्सचं: हार्डवेअर बदललेलं दिसलं की टॅली एज्युकेशनल मोडमध्ये जाते. पुन्हा ॲक्टिव्हेट करायला इंटरनेट आणि लायसन्सच्या ईमेलचा ताबा लागतो. तो ईमेल कोणाच्या फोनवर येतो हे आजच विचारा. विंडोजच्या लायसन्सचंही पुरवठादाराशी बोला. सॉफ्टवेअर ॲश्युरन्स असेल तर डीआरच्या प्रतीचे हक्क मिळतात, ओईएम लायसन्स दुसऱ्या सर्व्हरवर जात नाही.

परतीचा प्रवास असा. धुळ्याला व्हीएम चालू झाली त्या क्षणी जळगावची मूळ प्रत शिळी होते. लाइट आली, होस्ट आपोआप सुरू झाले आणि जुनी व्हीएमही उठली, तर दोन टॅली, दोन बिलिंग, आणि अर्धे लोक एकीकडे, अर्धे दुसरीकडे. म्हणून फेलओव्हर जाहीर करण्याआधी जळगावच्या व्हीएमचं ऑटोस्टार्ट बंद असावं. शक्य असेल तर स्विचवरचा सर्व्हरचा पोर्ट बंद करूनच पुढे जावं. हा निर्णय कोण घेणार त्या एका माणसाचं नाव आणि त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याचं नाव कागदावर. मॉनिटरिंगला निर्णय घेऊ देऊ नका. हायवेच्या खोदकामात फायबर तुटली तरी धुळ्याहून जळगाव 'मेलेलं' दिसतं, आणि जळगावला मात्र मजेत बिलं फाटत असतात.

परत आणताना ईएसएक्सआयला प्रॉक्समॉक्सचे बदललेले ब्लॉक कळत नाहीत, त्यामुळे पूर्ण कॉपीच. दोन रस्ते. बॅकअप सॉफ्टवेअर धुळ्याच्या प्रॉक्समॉक्सचा बॅकअप घेऊन जळगावच्या व्हीएमवेअरवर रिस्टोअर करतं. आधी चालू मशीनचा पूर्ण बॅकअप डिस्कवर घालून गाडीने जळगावला पाठवायचा, मग शनिवारी संध्याकाळी व्हीएम बंद करून शेवटचा छोटा बॅकअप लाइनवरून. नाहीतर सॉफ्टवेअरशिवाय: व्हीएम बंद, झेडएफएसवरची रॉ डिस्क क्यूईमूच्या साधनाने व्हीएमडीकेमध्ये बदलायची आणि ईएसएक्सआयच्या डेटास्टोअरवर ठेवून तिथल्या साधनाने पुन्हा एकदा स्थानिक स्वरूपात क्लोन करायची. हे दुसरं बदलणं टाळलं तर व्हीएम चालू होत नाही किंवा स्नॅपशॉटला अडते. ८०० जीबीला लाइनवरून ५० तास लागतात, म्हणजे इथेही यूएसबी डिस्कच.

जळगावला उठल्यावर त्या व्हीएमचं ब्लॉक ट्रॅकिंग बंद करून पुन्हा चालू करा आणि पहिला बॅकअप पूर्ण घ्या. जुन्या साखळीवर नवा बदल चढवला तर जॉब हिरवा दिसेल आणि प्रत कुजकी निघेल. एसक्यूएलचं लॉग शिपिंग उलट्या दिशेने लावून जळगाव पूर्ण जवळ आलं की अदलाबदल करायची. तिथे ताई म्हणतात तशी एकच आवृत्ती असेल तर परतणं सगळ्यात सोपं डेटाबेसचंच.

सराव वर्षातून दोनदा. धुळ्याच्या प्रॉक्समॉक्सवर एक ब्रिज बनवा ज्याला एकही खरा पोर्ट जोडलेला नाही, त्यात डोमेन कंट्रोलरची क्लोन केलेली प्रत आणि तीन व्हीएम उठवा. ती क्लोन त्या ब्रिजबाहेर कधीच जोडायची नाही आणि सराव संपला की डिलीट करायची. घड्याळ लावून मोजा: ८०० जीबी २०० एमबी प्रति सेकंदाने रिस्टोअर व्हायला सत्तर मिनिटांच्या आसपास, त्यात उठणं, आयपी, टॅलीचं ॲक्टिव्हेशन धरलं तर तुमच्या चार तासांत बसतं. रोज रात्री कॉपी संपली की धुळ्याला आपोआप रिस्टोअर होऊ दिलंत तर ते सत्तर मिनिटंही वाचतात. तारखेचं म्हणाल तर मार्चअखेर उरकली, हरभऱ्याची गर्दी ओसरली की आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मिल बंद असते, माहेरवाशिणी घरी आणि हमाल गावी. त्याहून निवांत दिवस खान्देशात नाही. दुसरा सराव दिवाळीच्या सुट्टीत.

फक्त आखाजी म्हणजे ऐन उन्हाळा. गोदामातला सर्व्हर ४४-४५ अंशांत पूर्ण भाराने पहिल्यांदाच चालणार. एसी यूपीएसवर नसतो, लाइट गेली की सर्व्हर चालू आणि खोली भट्टी. तापमानाचा अलर्ट लावा आणि जनरेटरवर एसीची लाइन घ्या.

---

भुसावळ_जंक्शन

दादा, मी वर थोडक्यात उडवलं होतं, तेवढं मागे घेतो. एकच जोड: रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. रॅन्समवेअरने जळगाव लॉक झालं तर १५ मिनिटांत धुळेही लॉक. धुळ्याच्या बाजूने डेटा ओढून घ्या, जळगावच्या खात्याला धुळ्याचं काही मिटवायचा हक्क देऊ नका, आणि किमान १४ दिवसांचे रिस्टोअर पॉइंट ठेवा. लॉग शिपिंगच्या एसक्यूएलचाही रोजचा पूर्ण बॅकअप वेगळा, कारण चुकून चालवलेली डिलीटची क्वेरीसुद्धा लॉगबरोबर इमानदारीने धुळ्याला पोचते.

लीज्ड लाइन बंद पडली तर ब्रॉडबँडवरून वायरगार्ड (व्हीपीएन) टनेल तयार ठेवा. ब्रॉडबँड पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने जोडणारं) असेल तर टनेलचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४१२ करा. मूळ १४२० राहिला तर पिंग मस्त चालतो आणि मोठी फाइल सुरू झाली की कनेक्शन गोठतं. बॅकअप सॉफ्टवेअर त्याला 'टाइमआउट' म्हणतं आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो.

---

एमआयडीसी_सर्व्हररूम (जळगाव)

डिस्कचे प्रकार तपासले. फाइल शेअरची ५०० जीबीची डिस्क इंडिपेंडंट निघाली, आणि जॉब रोज हिरवा. रविवारी पीव्हीस्कझीबरोबर तीही बदलतो. व्हीएम बंद करूनच बदलावी लागेल ना?

---

पांझराकाठ (धुळे)

हो, बंद करूनच. त्यानंतर त्या डिस्कची पहिली फेरी पूर्ण ५०० जीबीची असेल, लाइनवर ती ३२ तास घेईल. शनिवारी यूएसबी डिस्क रिकामी करून ठेवा.